चौदाव्या मिनिटाचं पीक

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, असं विचाराल तर आताही 'हो' म्हणवत नाही. आमच्या घरात या सगळ्याला जागाच नव्हती. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच देव्हारा, अंगारा, नवस सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. वडील हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. लहानपणी एकदा मांजर आडवं गेलं म्हणून मी थांबले, तर त्यांनी मला तोच रस्ता तीनदा चालायला लावला होता. अशा घरातली मी. त्यात शिक्षण फार्मसीचं... बी.फार्म., एम.फार्म. आणि मग पीएच.डी.

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. बहुतेक वेळा हसूनच वाचले, खोटं कशाला बोलू. आज स्वतः लिहायला बसलेय, कारण सोमवारी मला एक मेल आलाय आणि त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाहीये. मेलचं शेवटी सांगते. आधी घडलं ते जसंच्या तसं. फक्त झाडाचं नाव देणार नाही. कुणीतरी पाला आणून उकळून पिईल आणि मग मला झोप लागणार नाही.

तर माझा विषय होता एक झुडूप. पन्हाळ्याच्या बाजूला सांध्यांच्या सुजेवर त्याच्या पाल्याचा लेप लावतात. त्या पाल्यात नेमकं काय असतं ज्यानं सूज उतरते, ते शोधून काढायचं. सांगायला एक ओळ, करायला सहा वर्षं. पाला आणायचा, सावलीत वाळवायचा, भरड पूड करायची, अर्क काढायचा आणि तो मशीनला लावायचा. मशीन अर्कातले घटक एकेक करून वेगळे करतं आणि स्क्रीनवर एक रेघ काढत जातं. एखादा घटक बाहेर पडला की त्या मिनिटाला रेघ वर चढते आणि खाली येते. त्या टोकाला आम्ही 'पीक' म्हणतो. इंग्रजीतलं पीक, शेतातलं नव्हे. ही भानगड पुढं येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पाला मिळायचा कोडोलीला. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातून गाडी काढायची, हायवेनं वाठारपर्यंत, तिथून डावीकडं आत. तिथं एक तात्या आहेत. शेतकरी माणूस — ऊस, दोन म्हशी, आणि बांधावर हे झुडूप. आसपासच्या गावांतून लोक गुडघे, मनगटं, घोटे घेऊन त्यांच्याकडं येतात. ते पाला वाटून लेप देतात, कुणाकडून काही घेत नाहीत. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कालेजची बाई व्हय? न्या की. झाड काय माझ्या बाऽचं हाय का? फकस्त आदल्या दिवशी फोन करून येत जावा."

मी दर वेळी आदल्या दिवशी फोन करायचे. का करायचा, हे मात्र कधी विचारलं नाही. मला वाटलं, शेतावर भेटावेत म्हणून असेल.

पहिल्या बॅचला, म्हणजे पहिल्या खेपेच्या पाल्याला, चौदाव्या मिनिटाला एक सुंदर पीक आलं. उंच, सरळ, आजूबाजूला काही कचरा नाही. पुस्तकांत धुंडाळलं, कुठंच नोंद नव्हती. माझे गाइड — त्यांना नुसतं सरच म्हणते — रिटायरमेंटला आलेले, कशानंही न हलणारे. त्यांनी त्या दिवशी सगळ्या लॅबला चहा आणि वडे मागवले. त्या अर्कानं लॅबमधल्या उंदरांच्या पंजावर मुद्दाम आणलेली सूजही उतरली.

दुसऱ्या बॅचला चौदाव्या मिनिटाला सपाट रेघ. तिसरीलाही तेच. चौथीला पीक परत हजर! पाचवीला गायब. सहावीला आलं, सातवीला नाही. जिथं पीक नाही तिथं उंदरांची सूजही ढिम्म हलायची नाही. झुडूप तेच, बांध तोच, तोडायची वेळ सकाळी आठची, वाळवायची खोली तीच. मी मशीनचा कॉलम, म्हणजे अर्क जातो ती नळी, बदलला, अर्क काढायला नवीन सॉल्व्हंट आणला, मातीही तपासून घेतली. बॉटनीवाल्यांकडून झाड तेच आहे याचा दाखला दोनदा आणला. सर म्हणाले, "प्रज्ञा, तुझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय." मग मी हाताचंही बघितलं... सगळ्या स्टेप्स मोबाइलवर शूट करून पुन्हा पुन्हा पाहिल्या. काही चुकत नव्हतं.

माझं शेवटचं एक्स्टेन्शन चालू होतं. युनिव्हर्सिटीच्या कमिटीनं स्पष्ट सांगितलं होतं — सलग तीन बॅचेसमध्ये पीक दाखवा, नाहीतर विषय बंद. विषय बंद म्हणजे पाच वर्षं कचऱ्याच्या डब्यात आणि रजिस्ट्रेशन रद्द.

त्या दिवसांत मी किती दमले होते हे सांगता येत नाही. सकाळी डिप्लोमाच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, दुपारी माझं काम, संध्याकाळी सरांनी तपासायला पुढं सरकवलेले पेपर. झोपून उठलं तरी दमलेलंच. घरी गेले की आई ताट वाढायची, मी मोबाइलकडं बघत जेवायचे आणि आडवी व्हायचे. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. पण त्या काळात आई माझ्याशी काय बोलली, यातलं मला खरंच काही आठवत नाही.

तात्यांना मी माझं रडगाणं सांगितलं होतं. चौदाव्या मिनिटाला पीक यायला पाहिजे, ते येत नाही म्हणून. त्यांनी ते त्यांच्या हिशेबानं समजून घेतलं. मी बांधावर दिसले की शेजारच्या वावरातल्या माणसाला ओरडून सांगायचे, "बाईंचं पीक गेलं रं औंदा बी!" आणि तो बिचारा खरोखर हळहळायचा. मीही नंतर त्यांची चूक सुधारायचा नाद सोडला. पीक गेलं ते गेलंच, शेतातलं काय आणि मशीनमधलं काय.

आता मुद्द्याचं. एका दुपारी लॅबमध्ये लाइट नव्हती, म्हणून मी फील्डची वही चाळत बसले होते. आमच्यात तारीख, वेळ, तापमान, कोणता भाग तोडला हे सगळं लिहायचं असतं आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना असतो. त्यात मी जे सुचेल ते लिहायचे. बॅच एक : 'तात्यांकडे बोरपाडळ्याचे पेशंट बसलेले, अर्धा तास थांबावं लागलं.' बॅच चार : 'एका आजींना जीपमधून उचलून आणलं, आधी त्यांचा पाला काढला.' बॅच सहा : 'तात्या घाईत, पेशंट थांबलाय.' आणि दोन, तीन, पाच, सातच्या पुढं एकच — 'विशेष काही नाही.'

मी ते तीनदा वाचलं. ज्या दिवशी तात्यांकडं पेशंट, त्या दिवशीच्या पाल्यात पीक. पेशंट नाही, तर पीक नाही.

पहिला विचार आला तो सरळ होता, की पेशंटसाठी तात्या वेगळी फांदी तोडत असणार, कोवळी किंवा जून. मी दुसऱ्याच दिवशी कोडोलीला गेले. तात्या म्हशीला पाणी दाखवत होते.

"फांदीबिंदी काय न्हाय," ते म्हणाले. "जी हाताला येती ती. पर आवतण दिल्याबिगर हात लावत न्हाय."

"आवतण?"

"मग? तुमी कुणाच्या घरला सांगितल्याबिगर जाऊन माणूस उचलून आणता का? आदल्या दिशी दिवस मावळायच्या आत जायाचं. मुळाला तांब्याभर पाणी घालायचं, हळदीचं चार तांदूळ ठेवायचं आन् सांगायचं — उद्या सकाळी न्याला येतो, तयार ऱ्हा. म्हणून तर म्हंतो फोन करा."

मला हसू आलं, पण वही हातात होती. विचारलं, "माझ्यासाठी पण देता आवतण?"

"दर खेपंला देतो की! चुकवत न्हाय."

"मग फरक काय?"

तात्यांनी बादली खाली ठेवली. "फरक कसा न्हाय? पेशंट असला की सांगतो, अमक्या गावच्या अमक्याच्या गुडघ्याला पायजे. तुमच्या वक्ताला नुसतं सांगतो, कालेजची बाई नेणार हाय. कुणासाठनं ते मलाच ठावं न्हाय, तर त्येला काय सांगू?"

"थीसिससाठी," मी म्हणाले.

"थीसिस म्हंजे कोण?"

त्यांनी ते अगदी मनापासून विचारलं. थीसिसला गुडघे नसतात, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

तुम्ही म्हणाल, इथंच सोडून द्यायचं. पण मी संशोधक आहे हो, मला ते नीट खोटं पाडायचं होतं. माझ्या वेळी तात्या आवतण द्यायला विसरत असतील, आणि हळदीनं किंवा अवेळी घातलेल्या पाण्यानं पानांत काही बदल होत असेल, तर ते शक्य आहे. म्हणून आठव्या बॅचला सगळं मीच केलं. संध्याकाळी साडेपाचला पाणी, हळदीचे तांदूळ, आणि मोठ्यानं सांगितलं, "उद्या सकाळी न्यायला येतो. थीसिससाठी पाहिजे." (आम्ही कोल्हापूरच्या मुली 'येते' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो, त्याला काही इलाज नाही.) पाला वाळला, अर्क झाला. बाटलीवर नुसतं एक अक्षर टाकून मशीनवरच्या ऑपरेटरकडं दिली, म्हणजे त्यालाही काही माहीत नको.

चौदाव्या मिनिटाला सपाट रेघ. मला बरं वाटलं आणि रडूही आलं. बरं यासाठी, की वडिलांचं खरं ठरलं. रडू यासाठी, की आता काहीच उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी चार वाजताच घरी आले. कधी नाही ते लवकर. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. बघते तर आई जिन्यात, पाचव्या पायरीवर बसलेली. शेजारी भाजीची पिशवी. एक पाय सरळ लांब केलेला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरलेला. मला बघून घाईनं उठायला लागली.

"आलीस व्हय? आज लवकर?"

"आई, काय झालं?"

"काय न्हाय गं. बसलो जरा. एका दमात चढवत न्हाय आता."

"कधीपासून?"

ती साडीचा पदर सारखा करत बसली. "झाली की चार वर्षं."

"मला सांगायचं नाही?"

"दोन-तीनदा सांगितलं की. तू दमून येतीस, तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

माझी काय अवस्था झाली हे कसं सांगू... पाच वर्षं मी सुजलेल्या सांध्यांवर काम करत होते. उंदरांचे पंजे दिवसातून चारदा मोजत होते, दशांश चिन्हापर्यंत. आणि जिचा डबा रोज उचलून नेत होते, तिचा गुडघा मला एकदाही दिसला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. सुजलेला होता चांगला, हात लावला तर गरम लागत होता.

पुढच्या आठवड्यात मी संध्याकाळी कोडोलीला गेले. त्या दिवशी मी प्रयोग करायला गेले नव्हते, हे तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही. आईच्या गुडघ्याला लावायला पाला आणायला गेले होते, एवढंच. मुळाशी पाणी घातलं, तांदूळ ठेवले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी लाजल्यासारखं झालं. म्हणाले, "उद्या सकाळी न्यायला येतो. माझ्या आईच्या उजव्या गुडघ्यासाठी पाहिजे. मंगळवार पेठेत राहती." आणि तिचं नाव सांगितलं.

सकाळी तात्यांनी अर्धा पाला वाटून लेप करून दिला. उरलेला अर्धा मी सवयीनं पिशवीत भरला. तोही वाळला, त्याचा अर्क झाला, बाटलीवर अक्षर टाकून मशीनला गेला. ऑपरेटरचा फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. "मॅडम, चौदाला आलंय बघा. लई मोठ्ठं."

दहावी बॅच, आईच्या नावानं, आली. अकरावी, तीही आली. सलग तीन. दर वेळी अर्धा पाला आईच्या गुडघ्याला जायचा, कारण तात्यांनी बजावलं होतं, "ज्येचं नाव सांगितलं, त्येला द्यायला लागतंय. झाडाला फसवायचं न्हाय." मग मी एकदा फसवूनही बघितलं. बारावी बॅच, कुणीच नसलेल्या एका बाईचं नाव मनानं जुळवून. सपाट रेघ. ती बॅच थीसिसमध्ये नाही.

सरांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, तीन बॅचेस आल्या ना? लिही आणि सुट. हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. तुला अजून नोकरी लागायची आहे, आणि मला शांतपणे रिटायर व्हायचं आहे." आवाजात राग नव्हता. तेही दमले होते.

मेथड या प्रकरणात मी लिहिलं — पाने सकाळी आठ वाजता गोळा केली, सावलीत वाळवली. बस. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पद्धत रिप्रोड्युसिबल आहे ना? दुसऱ्या कुणी केली तरी हेच येईल?" मी म्हणाले, "हो सर." डिग्री मिळाली, पेपर छापून आला, राजारामपुरीत फ्लॅट भाड्यानं घेतला — लिफ्ट आहे म्हणून. आईचा गुडघा बरा झाला का? सूज उतरली, मांडी घालून अजून बसता येत नाही. लेपानं झालं की जिना सुटल्यानं, ते मी सांगू शकत नाही.

याचा अर्थ काय, ते मला आजही माहीत नाही. बारा बॅचेस म्हणजे काहीच नव्हे, आकडेशास्त्रवाला हसेल. योगायोग असू शकतो. मी ज्या दिवशी मनापासून काम केलं त्या दिवशी हात नीट चालला असेल, असंही असू शकतं. पण पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या बॅचला तर मला काहीच ठाऊक नव्हतं. तिथं माझं सगळं डोकं थांबतं. वडील असते तर त्यांनी आणखी पन्नास बॅचेस करायला लावल्या असत्या, आणि त्यांचं बरोबरच असतं. माझ्यात आता तेवढं त्राण नाही.

आता मेल. विदर्भातल्या एका कॉलेजचा मुलगा आहे, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला. माझा पेपर वाचून त्यानं तेच झुडूप घेतलंय. त्याच्या भागातही उगवतं म्हणे. लिहिलंय, 'मॅडम, पाच बॅचेस झाल्या. तुमची मेथड शब्दशः फॉलो केली. चौदाव्या मिनिटाला काहीच येत नाही. माझं शेवटचं एक्स्टेन्शन चालू आहे. पेपरमध्ये एखादी स्टेप लिहायची राहिली आहे का?' मेल पाठवल्याची वेळ पहाटे पाचची. ती दमणूक मी ओळखते.

राहिली आहे, बाळा. मीच गाळलीय.

चार दिवस मी उत्तर लिहून पुसत होते. खरं लिहिलं तर तो मला वेडी समजेल, नाही लिहिलं तर त्याची पाच वर्षं माझ्या एका गाळलेल्या ओळीपायी जातील. शेवटी आज सकाळी एकच वाक्य लिहून पाठवलं — 'पाला तोडताना तो कुणासाठी तोडतोयस?'

पाच मिनिटांत उत्तर आलं.

'थीसिससाठी, मॅडम.'

तेव्हापासून मी स्क्रीनसमोर बसलेय, आणि पुढं काय लिहायचं ते मला कळत नाहीये.